पूर्वेकडे तोंड, पाठीमागे समुद्र

सॅन डिएगोत फोटोसाठी जागा शोधावी लागते, हे मला तिथे वीस वर्षं राहिल्यावर कळलं. तोवर माझा समज असा होता की या गावात कॅमेरा कुठेही धरला तरी फोटो बरा येतो. एका बाजूला समुद्र, आत शिरलेल्या खाड्या, खाड्यांवर पांढरी शिडं आणि वर्षातले बहुतेक दिवस ऊन. पाहुणे आले की आम्ही त्यांना ठरलेल्या तीन ठिकाणी न्यायचो, ठरलेल्या कठड्याशी उभं करायचो आणि सूर्य बुडताना बटण दाबायचो. पाहुण्यांचे चेहरे काळे यायचे, पण आकाश छान यायचं, आणि तेवढ्यावर सगळे खूश असत.

दोन हजार सहा साली मात्र माझ्यावर खरोखरीचं काम येऊन पडलं.

आमच्या घरामागच्या अपार्टमेंटमध्ये एक तरुण जोडपं राहत होतं. तो नागपूरचा, ती मिरजेची. तो कंपनीत प्रोग्रॅमर होता. तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे ती दिवसभर घरी असे. विरजण मागायला म्हणून पहिल्यांदा आली आणि मग रोज येऊ लागली. सप्टेंबरात तिला सहावा महिना लागला. त्याच सुमाराला दोन बातम्या पाठोपाठ आल्या. बाळंतपणाला येणाऱ्या तिच्या आईचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला गेला. आणि नवऱ्याच्या कंपनीने कळवलं की नवं प्रोजेक्ट टेक्ससमध्ये अर्विंगला आहे, ऑक्टोबर संपायच्या आत तिकडे हजर व्हायचं.

ती रडली नाही. फक्त दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन सांगितलं की जाण्याआधी तुझं डोहाळजेवण माझ्या घरी. तिने तिथल्या तिथे आईला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

तिच्या आईला मी कधी पाहिलेलं नव्हतं. वयाने माझ्याच बरोबरीची असावी. आभार वगैरे मानून झाल्यावर तिने विचारलं, "ताई, फोटो कोण काढणार?"

मी म्हटलं, मीच काढते. मी बांधकामाच्या अंदाजपत्रकांचं काम करते, कुठल्या इमारतीला किती काँक्रीट आणि किती सळई लागेल ते मोजून सांगायचं. फोटोग्राफी हा माझा रविवारचा छंद. नुकताच एक चांगला डिजिटल कॅमेरा घेतला होता.

मग तिने जे सांगितलं ते मी शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या स्वतःच्या डोहाळजेवणाला मिरजेच्या एका स्टुडिओत फोटो काढले होते. त्या काळी तशी पद्धतच होती. हिरवी साडी नेसायची, अंगभर फुलांची वाडी ल्यायची, म्हणजे फुलांचाच मुकुट, फुलांचेच बाजूबंद, फुलांचाच कंबरपट्टा. मग स्टुडिओत जाऊन लाकडी चंद्रावर बसायचं, झोपाळ्यावर बसायचं, हातात फुलांचं धनुष्य धरायचं आणि शेवटी होडीत बसायचं. होडीही लाकडीच, मागे रंगवलेलं पाणी. असे चार फोटो. पण तिचे तीनच निघाले. तिच्या आधी ज्या बाई आल्या होत्या त्यांच्या वजनाने होडी मोडली होती.

"तेव्हाच मी ठरवलं होतं, मुलगी झाली की तिला होडीत बसवीन," ती म्हणाली. "तुमच्या गावाला समुद्र आहे ना? मग होडी तेवढी बघा, ताई. बाकीचं राहिलं तरी चालेल."

मी हो म्हटलं. समुद्र आहे, होड्या हजारोंनी आहेत, त्यात अवघड काय. फोन ठेवता ठेवता तिने आणखी एक सांगितलं. शुभकार्य आहे, तेव्हा मुलीचं तोंड पूर्वेकडे हवं.

त्या एका वाक्याने माझी सगळी ठरलेली ठिकाणं बाद झाली.

हिशेब साधा आहे. आमचा समुद्र पश्चिमेला. तिचं तोंड पूर्वेला म्हणजे समुद्र तिच्या पाठीशी. इथवर ठीक, तेच हवं होतं. पण या गावातली फोटोची सगळी प्रसिद्ध ठिकाणं संध्याकाळची आहेत, आणि संध्याकाळी सूर्यही तिच्या पाठीशीच असणार. मिरजेला काळा चेहरा पाठवून चालणार नव्हतं. याचा अर्थ फोटो सकाळी काढायचे. सकाळी सूर्य समोर, उजेड चेहऱ्यावर, निळं पाणी मागे. इतकी वर्षं आम्ही उलट्या वेळेला जाऊन पाहुण्यांचे चेहरे काळे करत होतो, आणि ते मला मिरजेहून कोणीतरी सांगावं लागलं.

मग दर शनिवारी-रविवारी सकाळी मी आणि नवरा जागा बघायला निघू लागलो. नवरा गाडी चालवायचा आणि थर्मासमधला चहा सांभाळायचा. माझ्या अटी वाढतच गेल्या. पूर्वेकडे तोंड होईल असा काठ. गाडीपासून अंतर सातव्या महिन्यातल्या बाईला साडीत चालता येईल एवढंच. जवळ स्वच्छतागृह, कारण तिला दर थोड्या वेळाने लागायचं. पायऱ्या नकोत. वारा कमी, कारण वाऱ्यात पदराचं शीड होतं. नवरा म्हणाला, "मॅडम, तुम्ही फोटोची जागा शोधताय की हॉस्पिटलची?"

ला होयाची गुहांजवळची जागा मला फार आवडायची. फोटोत तिच्याइतकी देखणी जागा गावात दुसरी नाही. त्या दिवशी मिरजेची मुलगीही बरोबर होती. तिथे पोचल्यावर तिने गाडीचं दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. तिथल्या खडकांवर सील पहुडलेले असतात आणि त्यांचा वास फोटोत येत नाही म्हणूनच ती जागा प्रसिद्ध झाली असावी. सहा महिन्यांच्या पोटुशीला तो वास अर्ध्या मैलावरून कळला. दुसऱ्या एका कड्यावर पायऱ्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी सगळं जमत होतं, पण सकाळी दहापर्यंत धुकं हटत नव्हतं. कोरोनाडोचा किनारा सपाट आणि रुंद, तिथे मी खुशीत सगळं ठरवून टाकलं, आणि मग लक्षात आलं की वाळू ओलांडून पाण्यापर्यंत पोचायला मलाच धाप लागते आहे.

शेवटी मिशन बीचवर ती जागा सापडली. तिथे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला मोठा समुद्र, पूर्वेला मिशन बे नावाची खाडी, आणि मधे दोन-चार गल्ल्यांचं अंतर. गाडी समुद्राच्या अगदी जवळ लावता येते आणि बाजूलाच स्वच्छतागृह. चंद्राचा फोटो इथेच काढायचा हे ठरलं, आणि लाकडाचा नाही, खरा चंद्र घ्यायचा.

हेही हिशेबानेच जमलं. पौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी सूर्य उगवतो तेव्हा चंद्र मावळत असतो. म्हणजे ती पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली की सूर्याचा उजेड समोरून आणि पूर्ण चंद्र पाठीमागे, समुद्रावर टेकलेला. त्या वर्षी कोजागिरी शुक्रवारी येत होती. शनिवारी सकाळी फोटो, दुपारी जेवण. मिरजेला फोन करून सांगितलं तर तिची आई म्हणाली, "पण चंद्र कोरीचा असतो हो, ताई." मी म्हटलं, तुमच्या स्टुडिओतला कोरीचा होता कारण त्यावर बसायचं होतं. यावर नुसतं उभं राहायचंय. थोडा विचार करून तिने परवानगी दिली.

चंद्र मिळाला. होडी मिळेना.

हजारो होड्यांच्या गावात सातव्या महिन्यातल्या बाईला कोणी होडीत बसवत नाही, हे मला माहीत नव्हतं. धक्क्यांवरच्या मोठ्या शिडाच्या होड्या कुलपात. भाड्याने होडी देणाऱ्यांकडे तिला घेऊन गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि गोड हसून नाही म्हणाली. तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी पाण्यात हलणाऱ्या कुठल्याही वस्तूत बसायला मनाई केली. मला ते योग्यच वाटलं. मुलीचा नवरा म्हणाला, "काकू, आपण तिला काठावर बसवू आणि कॉम्प्युटरवर खाली होडी जोडून देऊ. कोणाला कळणार आहे यार?"

"मला कळेल ना," ती म्हणाली. आणि मग हळूच, "आईला पण कळेल."

त्यानंतर मी एकटीच खाडीच्या काठाने हिंडू लागले. खाडीला पुष्कळ खाचा आहेत आणि काही काठ असे आहेत की ज्यांचं पाणी पश्चिमेला येतं. अशाच एका शांत काठावर एक छोटी वल्ह्यांची होडी वाळूवर ओढून ठेवलेली दिसली. लाकडी, पांढरी, काठाला निळी पट्टी. दोरी एका खुंटाला बांधलेली. मालक जवळच राहणारे एक वयस्कर गृहस्थ निघाले. मी त्यांना सगळं सांगितलं, मिरजेच्या मोडलेल्या होडीसकट. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, खुशाल बसवा. एकच अट. माझ्या होडीत जो बसेल त्याने लाइफ जॅकेट घालायचं, होडी वाळूवर असली तरी. ही त्यांच्या दिवंगत बायकोची शिस्त होती आणि त्यांनी ती आजवर कोणासाठी मोडलेली नव्हती. मी शब्द दिला.

प्रश्न राहिला पाण्याचा. कोरड्या वाळूतली होडी फोटोत कोरड्या वाळूतली होडीच दिसते. पण पुढच्या खेपेला मी सकाळी उशिरा गेले, तेव्हा भरतीचं पाणी होडीच्या चारी बाजूंनी आलेलं होतं आणि होडी मात्र तळाने वाळूवरच टेकलेली होती. जराही हलत नव्हती. लांबून पाहिलं तर वाटावं, तरंगते आहे. मी तिथेच उभी राहून हसले.

पुढचं काम माझ्या रोजच्या कामासारखंच होतं. पौर्णिमेच्या आसपास आमच्याकडे मोठी भरती सकाळी नऊच्या सुमाराला येते. आठच्या पुढे पाणी होडीभोवती चढायला लागेल, आणि एका ठरावीक उंचीला होडी उचलली जाईल. मधला वेळ आपला. होडी कधी उचलली जाईल हे आतल्या वजनावर अवलंबून, म्हणून मी मुलीला वजन विचारलं.

"काकू, हे तुम्हाला नक्की कशाला हवंय?"

"होडी तरंगू नये म्हणून."

"म्हणजे जास्त असलं तर चांगलं?"

"जितकं जास्त तितका जास्त वेळ."

तिने दिमाखात सांगितलं. मी काठ्या रोवून दोन सकाळी पाणी कसं चढतं ते पाहिलं आणि हिशेब काढला: साधारण पंधरा मिनिटं.

धनुष्याचा फोटो आदल्या रविवारी एका बागेत उरकून घेतला. मी बागेच्या कचेरीत आधी फोन करून विचारलं होतं. घरगुती फोटोला परवानगी लागत नाही असं त्यांनी तीन वेळा सांगितलं, कारण मी तीन वेळा विचारलं. धनुष्य नवऱ्याने बांबूच्या पट्टीचं केलं होतं आणि त्याला शेवंती गुंडाळली होती. ती कमळांच्या तळ्याशी नेम धरून उभी राहिली, आणि पाचच मिनिटांत बागेचा एक रखवालदार गणवेशात आमच्याकडे चालत आला. बागेत शस्त्रं आणायला बंदी आहे, तो म्हणाला. मी बाणाचं टोक दाखवलं, तिथे निशिगंधाची कळी होती. त्याने ती हुंगून पाहिली. मग त्याने अगदी सभ्यपणे विचारलं की बाळ होणार असलं की तुमच्याकडे धनुष्य कशासाठी धरतात.

माझी पन्नाशी उलटली होती. आजवर विचारायचं सुचलंच नव्हतं. त्याला मी खरं तेच सांगितलं की माहीत नाही, विचारून सांगते. तो हसला आणि आमचं आवरेपर्यंत तिथेच उभा राहिला. घरी येऊन मिरजेला फोन केला. तिची आई म्हणाली, "बाळ शूर व्हावं म्हणून असेल बहुतेक. आम्ही आपलं स्टुडिओत होतं म्हणून धरलं."

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या अंगणात केशरी दूध झालं आणि वाडी गुंफणं झालं. जाई-जुई मिळत नव्हती. निशिगंध मात्र मेक्सिकन फुलवाल्याकडे ढिगाने मिळाला. त्याच्या कळ्या आणि पांढरी शेवंती, असा बेत. नवरा सुईत दोरा ओवण्यात माझ्यापेक्षा तरबेज निघाला, कारण त्याचा चष्मा नवा होता. झोपाळ्याचा फोटो तिथेच अंगणात झाला. दागिने ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले. त्यासाठी भाजी बाहेर काढावी लागली.

शनिवारी उजाडता उजाडता मिशन बीचवर पोचलो. धुकं नव्हतं. चंद्र समुद्रावर हातभर उंचीवर, पिवळट आणि मोठा. फोटोतही तो मोठा यायचा तर लांबच्या पल्ल्याची लेन्स लावून मागे मागे जावं लागतं. मी इतकी मागे गेले की माझं बोलणं तिला ऐकू येईना. मधे नवरा उभा राहिला आणि माझ्या सूचना ओरडून पोचवू लागला. "हनुवटी वर," मी म्हणे. "हनुवटी वर," तो ओरडे. सकाळी धावायला आलेले लोक थांबून बघू लागले. हिरवी साडी, पांढरा मुकुट, मागे चंद्र. एका धावणाऱ्या बाईने माझ्या नवऱ्याला विचारलं की ही कुठली राणी आहे का. तो म्हणाला, हो, मिरजेची. चंद्र पाण्याला टेकायच्या आत फोटो झाला.

खाडीच्या काठाला आलो तेव्हा पाणी होडीच्या टोकापर्यंत आलेलं होतं. मालक भेटून, लाइफ जॅकेट देऊन, होडी परत बांधून ठेवा म्हणून सांगून नाश्त्याला निघून गेले. काठावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

दोघा पुरुषांनी चपला काढल्या आणि तिला हात देऊन आत बसवलं. होडी जराशी रुतली, म्हणजे माझ्या हिशेबाच्या बाजूनेच गेली. पाणी बाजूंनी सरकत मागच्या पाण्याला मिळालं. समोरून ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं आणि मागे सगळी खाडी निळी. इतकी चांगली चौकट मला त्याआधी कधी मिळाली नव्हती.

मग मी जॅकेट पुढे केलं.

ते उन्हाने विटलेलं केशरी होतं, जाडजूड, आणि त्याचे पट्टे पार सैल केल्यावर कसेबसे पोटावरून बसत होते. ते घालायचं तर फुलांचा कंबरपट्टा उतरवावा लागणार होता आणि हार दिसणार नव्हता. तिने ते हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

तिचा नवरा म्हणाला, "काकू, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. एक फोटो न घालता काढू, मग घालू. ते तर गेले पण."

"मी त्यांना शब्द दिलाय."

"अहो, पण होडी जमिनीवर आहे. तुम्हीच तर हिशेब केलात."

"केला. हिशेब चुकतो म्हणून तर ते जॅकेट असतं."

पाणी चढत होतं. मला ठाऊक होतं की हा फोटो पंचवीस-सव्वीस वर्षं वाट बघून काढला जातोय, आणि माझ्या हट्टापायी तो बिघडतोय. तिच्या आईने सगळं सोडून एवढंच मागितलं होतं. तरीही मला दुसरं काही करता येईना. कॅमेरा मी गळ्यात सोडून दिला आणि हात बांधून उभी राहिले. आमच्या घरात हा पवित्रा सगळ्यांना माहीत आहे. माझ्या नवऱ्याने निमूटपणे कंबरपट्टा सोडला.

मुलीने जॅकेट घातलं. मग तिनेच कंबरपट्टा उचलून जॅकेटच्या वरून बांधायला सांगितला. तो अपुरा पडला, तेव्हा बाजूबंद सोडून त्याला जोडला. हार वरून घातला. माझ्या नवऱ्याने उरलेली शेवंती पट्ट्यांच्या फटींतून खोचली. तिने दोन्ही हात काठांवर ठेवले आणि मान वर केली. मी काढत गेले. आठवा की नववा फोटो असेल, ती एकदम म्हणाली, "काकू, हलतेय," आणि खदखदून हसली. होडी उचलली जात होती. तिच्या नवऱ्याने धावत येऊन काठ धरला. त्याचा हात चौकटीत आला. तोच फोटो सगळ्यांत चांगला होता.

दुपारचं जेवण, ओटी, आसपासच्या बायकांचं गाणं, सगळं व्यवस्थित झालं. माझं लक्ष संध्याकाळकडे होतं. आमची शनिवार संध्याकाळ म्हणजे मिरजेची रविवार सकाळ. तिची आई सायबर कॅफेत जाऊन बसणार होती. मी चार फोटो ईमेलने पाठवले आणि मुलीने आईला फोन लावून स्पीकर चालू केला.

तिकडे इंटरनेट इतकं हळू होतं की फोटो वरून खाली, पट्टी पट्टीने उतरायचा. चंद्राचा उतरला, झोपाळ्याचा उतरला, धनुष्याचा उतरला. प्रत्येकाला ती समाधानाने "छान" म्हणाली. मग होडीचा.

"आकाश आलं," ती म्हणाली. "नुसतंच निळं आहे." थोड्या वेळाने, "मुकुट आला. निशिगंध आहे होय." मग तिचा आवाज बदलला. "हसतीये गं."

आता पुढची पट्टी कसली येणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"हे केशरी काय घातलंय?"

मी पुढे होऊन सांगितलं. होडीवाल्यांची अट, माझा शब्द, सगळं. शेवटी म्हटलं, तुमचा फोटो मी बिघडवला, त्याबद्दल वाईट वाटतं, पण मला तसं बसवता आलं नसतं.

फोटो तिकडे अजून उतरत असावा.

"होडी आली," ती म्हणाली. "पांढरी आहे. पाणी पण आहे चारी बाजूंनी." मग, "ताई, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? दोन रात्री झाल्या, मी जागी आहे. एवढ्या मोठ्या समुद्रात पोरगी होडीत बसणार, पोटात बाळ, आणि मी इथे. तुम्हाला फोन करून नको म्हणणार होते. मग म्हटलं, मीच मागितलंय, आता कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

"तळ वाळूला टेकलेला होता," मी म्हटलं.

"ते तुम्हाला. मला नुसतं जॅकेट दिसतंय, आणि तेवढं पुरे आहे." मग तिने विचारलं, "आणि हा काठावरचा हात कोणाचा?"

"माझा आहे, आई," जावई म्हणाला.

"धरून ठेवा," ती म्हणाली.

महिनाअखेरीला ते अर्विंगला गेले. तिथून समुद्र फार लांब. जानेवारीत मुलगी झाली. तिच्या आजीचा व्हिसा तिसऱ्या खेपेला मंजूर झाला आणि बारशाला ती पोचली, तेव्हा सॅन डिएगोला फोन करून माझ्याशी तासभर बोलली. होडीच्या फोटोची मोठी प्रत तिने मिरजेला भिंतीवर लावली आहे, आपल्या तीन फोटोंच्या शेजारी. येणारे-जाणारे विचारतात की तिकडे डोहाळजेवणाला ते केशरी घालायची पद्धत आहे का. ती हो म्हणून सांगते. समजावण्यात वेळ जातो म्हणे.

पुढच्या वर्षी तिच्या पुतणीचं डोहाळजेवण ठरलं, मिरजेलाच, घराच्या गच्चीवर, पुठ्ठ्याच्या होडीत. तिने मला कळवलं की पुतणी हटून बसली आहे, जॅकेट हवंच, आणि तिकडे तसं मिळत नाही, तर येणाऱ्या कोणाबरोबर पाठवाल का. मी पाठवलं. वजन मात्र आधी विचारून घेतलं.